माझ्या गावाचे काय?
(संस्थेच्या वार्षिक समारंभात भोसरी येथे पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणावरून)



मी कोणी पत्रकार नव्हे आणि विद्वानही नव्हे. माझे सारे आयुष्य भोसरीच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात गेले. तेव्हा बातम्यांविषयी चार शब्द बोला, असे चिटणीस साहेबांनी सांगितले त्या वेळी मी प्रथम नकारच दिला. पण ते म्हणाले, "चाचा, तुम्ही पन्नास वर्षे रोज पेपर वाचता. वाचणाऱ्याने बोलायचे नाही तर कोणी बोलायचे?" हे म्हणणे मला पटले. म्हणून आज जे सांगणार आहे ते एका वाचकाने दुसऱ्या वाचकाला सांगितलेले आहे, असे समजून ऐका.

आजचा विषय असा: मोबाईलवर आणि संगणकावर हल्ली बातमी नुसती वाचायची नसते. तिच्यातल्या नकाशावर बोट ठेवता येते, आलेख मागेपुढे सरकवता येतो, आवाज ऐकता येतो, आपल्या गावाचे नाव टाकून उत्तर मागता येते. इंग्रजीत याला इंटरॅक्टिव्ह म्हणतात. मराठीत मी त्याला "उलट विचारता येणारी बातमी" म्हणेन. या नव्या सोयीमुळे बातमी आपल्याला अधिक समजते का, आणि समजत असेल तर आपण तिचा उपयोग कसा करावा, एवढेच मला सांगायचे आहे.

१९९३ सालची गोष्ट

आपल्यापैकी बहुतेकांची घरे या मातीतली नाहीत. कोणी लातूरचे, कोणी बीडचे, कोणी उस्मानाबादचे, ज्याला आता धाराशिव म्हणतात, कोणी सोलापूरचे, तर कोणी थेट उत्तर प्रदेश-बिहारचे. पोटासाठी या पट्ट्यात आलो आणि इथलेच झालो. पण गाव मनातून जात नाही. त्या काळी कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत एकजण मोठ्याने पेपर वाचत असे आणि बाकीचे डबा खाता खाता ऐकत असत. ऐकणारे गप्प बसत नसत. "आमच्याकडे पाऊस पडला का रे?" "कापसाचा भाव काय आलाय?" "धरणात पाणी किती?" वाचणाऱ्याला पान उलटून शोधावे लागे. कधी उत्तर सापडे, बहुधा सापडत नसे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चार वाजण्याच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. अनंत चतुर्दशीची रात्र होती. गणपती विसर्जन करून लोक नुकतेच झोपले होते. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावेच्या गावे दगडमातीच्या भिंतींखाली गाडली गेली. सुमारे दहा हजार माणसे गेली. आमच्या कारखान्यात त्या भागातले एक मिस्त्री होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पेपर घेऊन माझ्या टेबलाशी आले. त्यांना वाचता येत होते, तरी म्हणाले, "भाई, तुम्ही बघा. माझ्या डोळ्यांवर माझा भरवसा नाही." पहिल्या पानावर मोठमोठी अक्षरे होती. किल्लारी होते, सास्तूर होते. पंतप्रधान, मुख्यमंत्री, मदत, लष्कर, सारे होते. त्यांच्या गावाचे नाव कुठेच नव्हते. नाव नाही म्हणजे गाव वाचले, की नाव लिहायलाही तिथून कोणी बाहेर आले नाही? आम्ही दोघांनी तो पेपर चार वेळा वाचला. शेवटी संध्याकाळी आम्ही त्यांना शिवाजीनगरहून एसटीत बसवून दिले.

तिसऱ्या दिवशी निरोप आला. घर पडले होते, माणसे वाचली होती. अल्लाहचे आभार. पण ते तीन दिवस मी विसरलो नाही. त्या पेपरने खोटे काहीच छापले नव्हते. पत्रकारांनी जिवाचे रान करून बातम्या आणल्या होत्या. तरीही ज्याला सर्वांत जास्त गरज होती त्याच्या एका प्रश्नाला त्या छापील पानात उत्तर नव्हते. तो प्रश्न होता, "माझ्या गावाचे काय?"

६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढले, तेव्हापासून मराठी वाचकाच्या हातात वृत्तपत्र आले. पण छापील पानाची एक मर्यादा कायमची आहे. जागा मोजकी असते, म्हणून संपादकाला निवड करावी लागते. हजार गावांतली दहा गावे छापली जातात. उरलेल्या नऊशे नव्वद गावांतल्या माणसांनी अंदाज बांधायचा. उलट विचारता येणाऱ्या बातमीने जर काही बदलले असेल तर ते हेच. तिच्यात हजारही गावे मावतात आणि ज्याला जे हवे ते त्याने शोधून काढायचे असते. आज भूकंप झाला तर अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या पानावर जगातला कोणीही माणूस "मला धक्का जाणवला, भांडी पडली, भिंतीला तडा गेला" असे आपल्या ठिकाणासह नोंदवू शकतो आणि त्या नोंदींवरून नकाशा तयार होतो. म्हणजे ज्याच्यावर प्रसंग आला तोच बातमीचा एक भाग लिहितो.

ड्रॉइंग आणि ऐकीव गोष्ट

माझ्या धंद्यातला एक दाखला देतो. एखादा पार्ट बनवायचा आहे आणि साहेबाने तोंडी सांगितले, "साधारण एवढा जाड, मध्ये एक भोक," तर कोणताही शहाणा टर्नर मशीन सुरू करणार नाही. तो ड्रॉइंग मागेल. ड्रॉइंगमध्ये समोरून, वरून, बाजूने दृश्य असते. आतले दिसत नसेल तर छेद घेऊन दाखवलेला असतो. प्रत्येक मापाला आकडा असतो. खाली कोपऱ्यात कोणी काढले, कोणी तपासले, कोणत्या तारखेला, कितव्यांदा बदलले, हे लिहिलेले असते. चूक झाली तर जबाबदार कोण ते कळते.

चांगली इंटरॅक्टिव्ह बातमी या ड्रॉइंगसारखी असते. ती तुम्हाला एकच बाजू दाखवत नाही. तुम्ही फिरवून पाहू शकता. आकडा कुठून आला ते विचारू शकता. आणि वाईट बातमी, मग ती छापील असो, टीव्हीवरची असो वा व्हॉट्सॲपवरची, त्या तोंडी सांगण्यासारखी असते. ऐकायची आणि पुढे ढकलायची.

आपल्या परंपरेत ही गोष्ट नवी नाही. कुरआन शरीफच्या सूरह हुजुरातमध्ये बातमी आली तर आधी तिची शहानिशा करा, अजाणतेपणी कोणाचे नुकसान करून पुढे पस्तावू नका, असा हुकूम आहे. हदीसच्या विद्वानांनी तर याचे शास्त्रच बनवले. हे कोणी कोणाकडून ऐकले, त्याने कोणाकडून ऐकले, ही सारी साखळी म्हणजे सनद. साखळीतला एक माणूस जरी भरवशाचा नसला तरी हदीस कमकुवत ठरते. आज वेबच्या पानावर आकड्याखाली जो मूळ कागदाचा दुवा दिलेला असतो, तो बातमीची सनदच होय. मग ज्या समाजाच्या बुजुर्गांनी हजार वर्षांपूर्वी हे शिकवले, त्या समाजाच्या मुलांनी सनद नसलेला निरोप दहा गटांत पाठवावा, हे शोभते का?

२०२० चे दिवस

२०२० साल आपण सारे जगलो आहोत. मार्चमध्ये पुण्यात करोनाचे पहिले रुग्ण सापडले आणि महिनाअखेरीस सारे बंद झाले. भोसरीचे कारखाने थांबले, शिट्ट्या थांबल्या. माणसे घरात बसली आणि मोबाईल हातात आला. त्या काळात बातमीचे दोन प्रकार मी डोळ्यांनी पाहिले आणि तेच मला आज तुमच्यापुढे ठेवायचे आहेत.

पहिला प्रकार. १४ मार्च २०२० रोजी अमेरिकेतल्या 'वॉशिंग्टन पोस्ट' या वृत्तपत्राने आपल्या वेबवर हॅरी स्टीव्हन्स या पत्रकाराचा एक लेख प्रसिद्ध केला. त्यात एक चौकोन होता आणि त्यात छोटे ठिपके इकडून तिकडे धावत होते. प्रत्येक ठिपका म्हणजे एक माणूस. एक ठिपका आजारी. तो ज्याला धडकेल तो आजारी. काही वेळाने बरा. रोगाचे नावही कल्पित होते. पहिल्या चौकोनात सारे मोकळे फिरत होते, आणि आजाऱ्यांचा आलेख डोंगरासारखा उभा चढला. पुढच्या चौकोनांत बरेच ठिपके जागीच थांबले होते, आणि तोच आलेख टेकडीसारखा पसरट झाला. विशेष म्हणजे ही हालचाल प्रत्येक वाचकाच्या पडद्यावर नव्याने घडत असे, त्यामुळे दोघांना अगदी सारखा आलेख दिसत नसे. पण चढ-उताराचा धडा एकच. त्या वृत्तपत्राच्या वेबवर तोवर सर्वांत जास्त वाचला गेलेला हा लेख ठरला आणि अनेक भाषांत त्याचा अनुवाद झाला. माझ्या नातीने तो मला दाखवला. "घरात थांबा" हे वाक्य मी तोवर शंभरदा ऐकले होते. का थांबायचे, हे मला त्या ठिपक्यांनी दोन मिनिटांत समजावले. हुकूम ऐकणे वेगळे आणि कारण समजणे वेगळे.

त्याच मार्चमध्ये आपल्या देशातल्या काही तरुण स्वयंसेवकांनी 'कोविड१९इंडिया' या नावाने वेबवर एक पान सुरू केले. देशाचा नकाशा, राज्यावर बोट ठेवले की जिल्हे, जिल्ह्यावर ठेवले की आकडे. राज्यांची अधिकृत पत्रके आणि निवेदने गोळा करून ते रोज भर घालीत आणि आकडा कोणत्या कागदावरून घेतला ते सांगत. हे काम त्यांनी ३१ ऑक्टोबर २०२१ पर्यंत केले आणि मग रीतसर सांगून थांबवले. भोसरीत बसलेल्या माणसाला आपल्या गावाकडच्या जिल्ह्यात काय चालले आहे ते त्यावर दिसत होते. मला १९९३ ची आठवण झाली. आमच्या मिस्त्रींच्या हातात तेव्हा असे काही असते तर!

आता दुसरा प्रकार. त्याच एप्रिलमध्ये दिल्लीतल्या तबलीगी जमातच्या मेळाव्याच्या निमित्ताने बातम्यांचा आणि निरोपांचा जो लोंढा आला तो तुम्हाला आठवत असेल. एका साथीला एका समाजाचे नाव चिकटवले गेले. जुन्याच चित्रफिती नव्या म्हणून फिरल्या. त्याचे चटके कोणाला बसले? हातगाडीवर भाजी विकणाऱ्याला, रिक्षावाल्याला, पंक्चर काढणाऱ्याला. नाव विचारून परत पाठवले गेलेली माणसे आपल्यातच आहेत. पुढे २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या तेव्हाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्या मेळाव्याला आलेल्या परदेशी नागरिकांवरील गुन्हे रद्द केले आणि वृत्तपत्रे व दूरचित्रवाणीवरून झालेल्या प्रचारावर कडक शब्दांत ताशेरे ओढले. न्याय मिळाला, पण एप्रिल ते ऑगस्ट या चार महिन्यांत ज्याची चूल विझली त्याला ती भरपाई कोण देणार?

हे मी राग धरण्यासाठी सांगत नाही. मला एवढेच दाखवायचे आहे की दोन्ही बातम्या एकाच मोबाईलवर, एकाच आठवड्यात आल्या. एकीत वाचकाला जिल्हा, तारीख आणि मूळ कागद उघडून पाहता येत होता. दुसरीत फक्त घाबरता किंवा चिडता येत होते. आणि खरे बोलायचे तर, आपल्या मोहल्ल्यांतही त्या काळात दुसऱ्या बाजूचे निराधार निरोप फिरलेच. लस घेऊ नका, अमके होईल, तमके होईल. त्यानेही माणसे गेली. खोटी बातमी कोणाच्या बाजूची आहे हे पाहून खरी होत नाही.

जात्यावरचा आवाज

तुम्ही म्हणाल, हे सारे आकड्यांचे झाले. बातमी म्हणजे काय फक्त आकडे? मुळीच नाही. म्हणून आता एक वेगळे उदाहरण देतो, तेही आपल्या पुणे जिल्ह्यातले.

पुण्यात गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर या दोघांनी आपल्या सहकाऱ्यांसह गावोगाव हिंडून बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. मुळशी तालुक्यातल्या डोंगराळ गावांपासून मराठवाड्यापर्यंत. सुमारे एक लाख ओव्या जमल्या. त्यांतल्या हजारो ओव्यांचे आवाजही मुद्रित झाले. पुस्तकात छापल्या असत्या तर अक्षरे आली असती, आवाज आला नसता. हा ठेवा पुढे 'पारी' या वेबवरच्या नियतकालिकाकडे आला. 'पारी' म्हणजे 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया'. पत्रकार पी. साईनाथ यांनी ते २०१४ च्या डिसेंबरमध्ये सुरू केले. २०१७ पासून तिथे या ओव्या क्रमाने येऊ लागल्या.

ते पान उघडले की ओवीचे शब्द दिसतात आणि कळ दाबली की ती बाई स्वतः गाऊ लागते. खाली तिचे नाव असते, गाव, तालुका, वय, मुलेबाळे किती, पोटासाठी काय करते, ओवी कोणत्या तारखेला मुद्रित केली, हे सारे असते. काही गाणाऱ्या बायकांना पुन्हा जाऊन भेटण्यात आले, त्यांची चित्रफीत घेतली, आता त्या कशा आहेत ते लिहिले गेले. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर गायिलेल्या ओव्याही त्यात आहेत.

आमची अम्मी पहाटे जात्यावर बसत असे. घरात आम्ही दखनी बोलत असू, पण जात्यावर ती मराठीतच गात असे, कारण शेजारच्या बायकांबरोबर ती तेच शिकली होती. तिचा आवाज कोणी धरून ठेवला नाही. त्या पानावर पहिल्यांदा जात्याची घरघर ऐकली तेव्हा मला काही वेळ पुढे वाचता आले नाही. शेतमजूर बाईचे जिणे कसे असते यावर मी अनेक लेख वाचले होते. पण तिचाच आवाज, तिच्याच नावानिशी ऐकला की ती "एक गरीब स्त्री" राहत नाही, अमक्या गावची अमकी होते. बातमीत माणूस पाहुणा म्हणून येतो. इथे तो यजमान होतो.

'पारी'ची आणखी एक गोष्ट पालकांनी ध्यानात घ्यावी. तिथला लेख अनेक भारतीय भाषांत येतो, मराठीत आणि उर्दूतही. कळ दाबली की तोच लेख दुसऱ्या भाषेत. ज्या घरात आजोबा उर्दू वाचतात, आई मराठी वाचते आणि मुलगा इंग्रजी शाळेत जातो, त्या घरात तिघांना एकच मजकूर वाचून एकत्र बोलता येते. पूर्वी एका घरात तीन पेपर आले तरी तीन वेगळ्याच दुनिया येत असत.

भोसरीची हवा

आता अगदी घराजवळ येऊ या. हिवाळ्यात सकाळी मुले शाळेत निघतात तेव्हा नाशिक रस्त्यावर धुके आहे की धूर, हे कळत नाही. पेपरात येते, "पुण्याची हवा बिघडली." पुणे केवढे! पाषाणच्या टेकडीची हवा आणि भोसरीच्या फाउंड्रीजवळची हवा एक कशी असेल? पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेने 'सफर' नावाच्या योजनेखाली शहरात व परिसरात जी हवा मोजण्याची केंद्रे उभारली, त्यांतले एक आपल्या भोसरीत आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे 'समीर' नावाचे ॲपही आहे. त्यांवर हवेचा निर्देशांक आकड्यात आणि रंगात दिसतो. ५० पर्यंत चांगली, १०० पर्यंत समाधानकारक, २०० पर्यंत मध्यम, ३०० पर्यंत वाईट, ४०० पर्यंत अतिवाईट आणि त्यापुढे गंभीर.

ही माहिती घेऊन काय करायचे? ज्या आईच्या लेकराला दमा आहे तिने सकाळी पाहावे आणि त्या दिवशी त्याला मैदानावर पाठवावे की नाही ते ठरवावे. दहावीच्या विद्यार्थ्याने महिनाभर रोज सकाळी आठ वाजता आकडा वहीत लिहावा आणि आलेख काढावा. मग पालिकेकडे अर्ज करायची वेळ आली तर "फार धूर होतो हो साहेब" असे म्हणावे लागणार नाही. तारीखवार आकडा पुढे ठेवता येईल. असा अर्ज सहजासहजी टाळता येत नाही.

आणखी एक गंमत मुलांनी करून पाहावी. 'गुगल अर्थ'वर १९८४ पासूनची आकाशातून घेतलेली चित्रे क्रमाने पाहता येतात. आपली पिंपरी-चिंचवड नगरपालिका १९८२ साली महानगरपालिका झाली, म्हणजे त्यानंतर दोनच वर्षांनी ही चित्रे सुरू होतात. भोसरी, मोशी, चाकण शोधा आणि वर्षे पुढे सरकवा. हिरवे तुकडे राखाडी होत जाताना दिसतील. तुमचे अब्बा ज्या वर्षी इथे आले ते वर्ष थांबवून त्यांना दाखवा. ते तुम्हाला अशा गोष्टी सांगतील ज्या कोणत्याही पेपरात आलेल्या नाहीत.

सावधगिरीचे चार शब्द

हे सारे ऐकून कोणी असे समजू नये की पडद्यावर हलते ते खरेच असते. ड्रॉइंगही चुकीचे असू शकते. मी स्वतः चुकीची काढली आहेत.

पहिली गोष्ट, नकाशाचा रंग फसवतो. करोनाच्या काळात पुणे जिल्हा नकाशावर गडद दिसे. तो मोठा जिल्हा, लोकवस्ती दाट. रुग्णांची नुसती संख्या पाहिली तर मोठा जिल्हा नेहमीच गडद दिसणार. दर लाख लोकांमागे किती, हे विचारले तरच तुलना खरी होते.

दुसरी गोष्ट, "तुमचे मत नोंदवा" म्हणून जे कौल घेतात त्यांना जनमत समजू नका. ज्याला कळ दाबावीशी वाटली त्याचेच मत त्यात असते.

तिसरी गोष्ट, काही खेळ तुम्हाला माहिती देण्यासाठी नसून तुमची माहिती घेण्यासाठी असतात. "तुमचा स्वभाव ओळखा" अशा प्रश्नावलीच्या एका ॲपमधून फेसबुकवरच्या सुमारे ८ कोटी ७० लाख लोकांपर्यंतची माहिती केंब्रिज ॲनालिटिका या कंपनीच्या हाती गेली, हे २०१८ साली उघड झाले. बातमी वाचायला तुमचा फोन नंबर आणि घरच्या मंडळींची यादी कशाला लागते, हा प्रश्न मुलींनी आणि मुलांनी विचारलाच पाहिजे.

चौथी गोष्ट, सजावटीला भुलू नका. डिसेंबर २०१२ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने बर्फाचा कडा कोसळून तीन जण मरण पावले त्याची हकीकत वेबवर हलत्या नकाशांसह आणि वाचलेल्यांच्या आवाजासह दिली. जगभर तिचा गाजावाजा झाला आणि लेखक जॉन ब्रँच यांना २०१३ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. पण पारितोषिक हलत्या चित्रांचे नव्हते, लेखनाचे होते. त्यांनी माणसांना भेटून, मिनिटामिनिटाचा हिशेब जुळवून ती हकीकत लिहिली होती. आधी भेटीगाठी, मेहनत आणि प्रामाणिकपणा. मग चित्रे.

आपण काय करावे

पालकांनो, मला ठाऊक आहे, तुमच्यापैकी पुष्कळांना मोबाईल म्हणजे मुलांचा शत्रू वाटतो. काही अंशी ते खरेही आहे. पण तो काढून घेणे हा उपाय नाही, कारण उद्या कारखान्यात, बँकेत, दवाखान्यात त्याच्याशीच गाठ आहे. मशीनला हात लावू नको म्हणून कोणी टर्नर तयार होत नाही. उस्ताद शेजारी उभा राहतो आणि हात कुठे ठेवायचा ते शिकवतो. तुम्हाला त्यातले कळत नसेल तर मुलांनाच शिकवायला सांगा. यात कमीपणा नाही. मला माझ्या नातीने शिकवले आहे आणि मी तिला सनद म्हणजे काय ते शिकवले आहे. हिशेब बरोबरीत आहे.

संस्थेला माझी एक नम्र सूचना आहे. शाळेतली संगणकाची खोली आठवड्यातून एक दिवस तासभर पालकांसाठीही उघडावी. एका बाजूला आई किंवा वडील, शेजारी त्यांचेच मूल. आठवड्याची एक बातमी घ्यावी आणि तिला तीन प्रश्न विचारावेत. हे कोण सांगते आणि त्याला कसे कळले? आकडा असेल तर कशाचा आणि कितींपैकी? आणि यात माझ्या गावाचे, माझ्या वस्तीचे काय? ज्या बातमीत तिन्हींची उत्तरे सापडतील ती ठेवावी. एकाचेही सापडणार नाही ती पुढे पाठवू नये. एवढे जरी वर्षभर केले तरी या समारंभात दिल्या जाणाऱ्या ढालींपेक्षा मोठी कमाई होईल.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यातून डॉक्टर, इंजिनिअर व्हावेत ही इच्छा सर्वांचीच आहे. माझी एक आगळी इच्छा आहे. तुमच्यातून एखादा पत्रकार व्हावा, एखादी मुलगी नकाशे आणि आकडे यांची बातमी करणारी व्हावी. आपल्याबद्दल दुसऱ्यांनी लिहिले ते आपण वाचले, कधी सुखावलो, कधी दुखावलो. आता आपल्यातल्या कोणी तरी लिहावे. आपल्या समाजाबद्दलच नव्हे, तर भोसरीच्या हवेबद्दल, इंद्रायणीच्या पाण्याबद्दल, कंत्राटी कामगाराच्या पगाराबद्दल, सर्वांसाठी. आणि लिहिताना त्या मिस्त्रींना डोळ्यांपुढे ठेवावे, जे पेपर हातात घेऊन माझ्या टेबलाशी उभे होते. त्यांच्या गावाचे नाव त्या बातमीत शोधले तर सापडले पाहिजे.

ते मिस्त्री आज हयात नाहीत. त्यांचा नातू मात्र याच शाळेत आठवीत आहे. गेल्या महिन्यात तो मला भेटला आणि त्याने मोबाईलवर नकाशा उघडून आपले गाव दाखवले. जुन्या गावाच्या जागी आता बाभळी आहेत, आणि थोड्या अंतरावर पुनर्वसनाची सरळ गल्ल्यांची नवी वस्ती आहे. त्याने बोट ठेवून सांगितले, "चाचा, हे आमचे घर." मी चष्मा लावून नीट पाहिले. तीस वर्षांपूर्वी जे नाव आम्ही दोघे चार वेळा शोधूनही सापडले नव्हते, ते तिथे मराठीत स्पष्ट लिहिलेले होते.